आधी बोंजूर, मग बाकीचं सगळं

फ्रान्सला जायचं ठरलं की चार लोक चार गोष्टी ऐकवतात. फ्रेंच माणूस उद्धट असतो, इंग्रजी येत असूनही बोलत नाही. उठसूट वाइन पितो, बेडूक आणि गोगलगायी खातो, काम कमी करतो आणि संपच जास्त करतो. यातली एकही गोष्ट हवेतून आलेली नाही, प्रत्येकीच्या मुळाशी काहीतरी आहे. पण ते आठवडाभराच्या सहलीत दिसत नाही, कारण तिथलं रोजचं जगणं ठरलेल्या शब्दांवर आणि ठरलेल्या वेळांवर चालतं. ते शब्द आणि त्या वेळा माहीत नसल्या की माणूस दारातच अडखळतो आणि ‘कसले हे लोक’ म्हणत परत येतो. फ्रेंचांबद्दलचे बहुतेक गैरसमज इथेच जन्माला येतात असं माझं ठाम मत आहे, म्हणून हे सगळं जरा बैजवार लिहितो आहे.

उद्धटपणाचा आरोप सर्वांत जुना, तेव्हा आधी तोच. फ्रान्समध्ये दुकानात शिरणं हे कुणाच्या घरात पाऊल टाकण्यासारखं मानतात. बाहेरून येणाऱ्यानं आधी बोलायचं. बाईंना ‘बोंजूर मादाम’ किंवा पुरुषाला ‘बोंजूर मेस्यो’, म्हणजे नमस्कार, म्हणायचं, डोळ्यांकडे बघून, ऐकू जाईल अशा आवाजात. समोरून ‘बोंजूर’ आलं की मग कामाचं बोलायचं. हे फक्त दुकानापुरतं नाही. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला, लिफ्टमध्ये आधीपासून उभ्या असलेल्या माणसाला, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला, सुपरमार्केटच्या कॅशियरला, दवाखान्यात थांबलेल्या सगळ्यांना मिळून एक. संध्याकाळी सहाच्या सुमारास ‘बोंजूर’ जाऊन ‘बोंस्वार’ येतो. त्याच माणसाची त्याच दिवशी पुन्हा गाठ पडली तर ‘रबोंजूर’ म्हणतात. तिथे पुन्हा साधं ‘बोंजूर’ म्हटलंत तर सकाळची भेट तुमच्या लक्षातच नाही, असं समोरच्याला वाटतं. निघताना ‘मेर्सी, बॉन जुर्ने, ओ रव्वार’, म्हणजे आभार, दिवस चांगला जावो, पुन्हा भेटू.

गडबड होते ती अशी. आपला माणूस हसतमुखानं काउंटरपाशी जातो आणि अत्यंत नम्र इंग्रजीत ‘एक्सक्यूज मी, प्लीज’ म्हणून थेट प्रश्न विचारतो. त्याच्या हिशेबी तो पुरेसा सभ्य वागलेला असतो. फ्रेंच कानाला मात्र सभ्यपणा अजून सुरूच झालेला नसतो. समोरून सावकाश, ठसठशीत ‘बोंजूर’ येतं, आणि ते ऐकून पाहुण्याला वाटतं की हा टोमणा आहे. ती फक्त दुरुस्ती असते. अशा वेळी आपणही ‘बोंजूर’ म्हणावं, एक क्षण थांबावं आणि प्रश्न पुन्हा विचारावा. बहुतेक वेळा चेहरा तिथल्या तिथे बदलतो. अनोळखी माणसाकडे बघून हसण्याची पद्धत तिथे फारशी नाही, त्यामुळे गंभीर चेहऱ्यावरून रागाचा अंदाज बांधू नये.

इंग्रजीचंही तसंच. एक वाक्य घोकून ठेवा: ‘बोंजूर, एक्सक्यूझे-म्वा द व्हू देराँजे’, म्हणजे तुम्हाला त्रास देतोय त्याबद्दल माफ करा. त्यानंतर ‘पार्ले-व्हू आँग्ले?’, म्हणजे इंग्रजी येतं का. हे मोडकंतोडकं बोललं तरी चालतं. फ्रेंच शाळांत भाषा शिकवताना चुकांवर फार बोट ठेवलं जातं, त्यामुळे अर्धवट येणारी भाषा चारचौघांत बोलायला मोठ्यांनाही संकोच वाटतो. तुम्ही आधी तुमचं चुकलेलं फ्रेंच पुढे केलंत की तो आपलं चुकलेलं इंग्रजी बाहेर काढतो. कार्यालयांत मात्र फ्रेंचच चालणार हे धरून जा. १९९४ च्या तूबों कायद्याने नोकरीचे करार, जाहिराती, वस्तूंच्या वापराच्या सूचना हे सगळं फ्रेंचमध्ये असणं सक्तीचं केलं आहे.

‘त्यू’ आणि ‘व्हू’ यांच्या बाबतीत मराठी माणसाचं अर्धं काम आधीच झालेलं असतं, कारण तू आणि तुम्ही आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. दुकानदार, अधिकारी, डॉक्टर, वयानं मोठा शेजारी, नव्याने ओळख झालेले सासू-सासरे यांना व्हू. बऱ्याच ऑफिसांत सहकाऱ्यांना पहिल्या दिवसापासून त्यू असतं, पण ते आपण सुरू करू नये. मोठ्यानं किंवा वरच्या पदावरच्यानं ‘ऑं प स त्युत्वाये’, एकमेकांना त्यू म्हणू या, असं म्हणून परवानगी द्यायची असते. फरक पडतो तो घरात. मराठीत वडिलांना तुम्ही म्हणणारी घरं पुष्कळ आहेत, फ्रान्समध्ये आईवडील दोघांनाही सहसा त्यूच. प्रार्थनेत देवालाही त्यू. एकदा त्यूवर आल्यावर पुन्हा व्हूवर गेलात तर समोरचा विचार करत बसतो की आपलं काय चुकलं.

गालाला गाल लावून अभिवादन करण्याची ‘बीझ’ परदेशी माणसाला फार भेडसावते. पॅरिसमध्ये दोन, दक्षिणेत माँपेलिएच्या बाजूला तीन, ब्रेस्टकडे एक, काही भागांत चार. कुठला गाल आधी हेही प्रदेशानुसार बदलतं. ओठ टेकवायचे नसतात, गाल टेकतो आणि आवाज हवेत होतो. कोरोनानंतर ही पद्धत बरीच आटली आहे. हात पुढे केला की कुणाला वावगं वाटत नाही.

आता वेटर. तिथला वेटर दर पाच मिनिटांनी येऊन विचारपूस करत नाही, आणि बिल तर मागितल्याशिवाय आणतच नाही. न मागता बिल ठेवणं म्हणजे ‘आता उठा’ म्हणण्यासारखं. ‘लादिसिओं, सिल व्हू प्ले’ हे शब्द तुम्हीच उच्चारायचे. बोलावताना ‘गार्सों’ म्हणू नये, ते जुनं आणि हिणवणारं झालं आहे. नजरानजर होऊ द्यावी आणि ‘सिल व्हू प्ले’ म्हणावं. छापील किमतीत सेवा धरलेलीच असते, त्यामुळे टिप बंधनकारक नाही. आवडलं तर नाणी ठेवतात. पाण्याची बाटली न मागवता ‘यून काराफ दो’ मागा. जेवणाबरोबर नळाचं पाणी फुकट मिळतं आणि तसं लिहून लावणं हॉटेलांना आता कायद्याने बंधनकारक आहे. पावाच्या टोपलीचेही वेगळे पैसे नसतात.

इथे दोन शब्द दगा देतात. ‘मन्यू’ म्हणजे पदार्थांची यादी नव्हे, ठरलेल्या किमतीचं दोन-तीन पदार्थांचं जेवण. यादीला ‘कार्त’ म्हणतात. आणि ‘आँत्रे’ म्हणजे जेवणाची सुरुवात, मुख्य पदार्थ ‘प्ला’. दुपारी फळ्यावर खडूने ‘फॉर्म्युल’ लिहिलेला असतो: आँत्रे आणि प्ला, किंवा प्ला आणि गोड. पोट भरण्याचा हाच स्वस्त आणि ताजा मार्ग. कॉफी गोड पदार्थाच्या नंतर येते, बरोबर नाही. नुसतं ‘अं काफे’ म्हटलं की छोट्या कपात कडक एस्प्रेसो येईल. थेंबभर दूध हवं असेल तर ‘नुआझेत’, जास्त पाणी हवं असेल तर ‘आलोंजे’, दुधाची कॉफी हवी तर ‘क्रेम’. तीच कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्यायली तर स्वस्त आणि बाहेर टेबलावर महाग. दोन्ही दर लावलेले असतात.

पण सगळ्यांत जास्त लोक घड्याळाला फसतात. दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं साधारण साडेसात ते नऊ. सव्वादोनला पोहोचलात तर खुर्च्या असतात, माणसं असतात, पण स्वयंपाकघर बंद झालेलं असतं, आणि कितीही विनवण्या केल्या तरी ते उघडत नाही. ‘सेर्व्हिस कोंतिन्यू’ अशी पाटी असेल तिथेच मधल्या वेळेत गरम जेवण मिळतं. नाहीतर बेकरीतून सँडविच घ्यावं. जेवणाच्या वेळेला किती मान आहे हे कायद्यातही दिसतं. कामाच्या जागेवरच कर्मचाऱ्यांना जेवू देण्यास मालकाला मनाई करणारं कलम कामगार कायद्यात आहे. २०२१ मध्ये कोरोनामुळे त्यातून तात्पुरती सूट द्यावी लागली होती. बऱ्याच कंपन्या जेवणाची कुपनं देतात, त्यांतला निम्मा ते साठ टक्के भार मालक उचलतो.

बेडकांच्या तंगड्या रोजच्या ताटात नसतात. देशातल्या रानटी बेडकांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि जे खाल्ले जातात ते मुख्यतः इंडोनेशियातून गोठवून येतात. गोगलगायी लसूण, पार्सली आणि लोण्यात भाजून नाताळ-नववर्षाला खातात. एरवी मंगळवारी रात्री सामान्य घरात काय शिजतं? लहान मुलं असतील तर कोकियेत नावाचा छोटा पास्ता आणि हॅम. नाहीतर भाज्यांचं सूप, उकडून घोटलेला बटाटा, कीश नावाचा अंड्या-सायीचा खारा पाय, मसूर, ऑम्लेट. उत्तर आफ्रिकेतून आलेला रव्याच्या दाण्यांचा कुसकुस तर आता घरचाच झाला आहे. शेवटी एखादं दही किंवा फळ. फ्रोजन पदार्थांची स्वतंत्र दुकानं गावोगाव आहेत आणि तिथे रांगा असतात. सकाळचा नाश्ताही रोज क्रुआसाँचा नसतो. आदल्या दिवशीच्या पावाचे काप, लोणी, जॅम आणि वाडग्यात कॉफी. क्रुआसाँ रविवारी. ‘ओ बर’ लिहिलेला क्रुआसाँ शुद्ध लोण्याचा आणि बहुधा सरळ आकाराचा असतो, वाकडा चंद्रकोरीसारखा असेल तर बहुधा मार्गारिनचा. चॉकलेट भरलेल्या चौकोनी प्रकाराला पॅरिसमध्ये ‘पँ ओ शोकोला’ म्हणतात आणि तुलूझ-बोर्दोकडे ‘शोकोलातीन’. नैऋत्येत गेल्यावर पहिला शब्द वापरला की हमखास कुणीतरी सुधारतं, प्रेमानंच.

पावाबद्दल मात्र जे ऐकलेलं असतं ते खरं आहे, आणि तिथे थोडं थांबायलाच हवं. १९९३ च्या सप्टेंबरमधल्या एका हुकुमाने ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ म्हणजे काय हे ठरवलं. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण. बनवताना कणीक कुठल्याही टप्प्यावर गोठवायची नाही आणि कृत्रिम भर घालायची नाही. १९९८ च्या कायद्याने आणखी पुढे जाऊन सांगितलं की जिथे कणीक मळली, आंबवली आणि भाजली जाते त्याच जागेला ‘बुलाँजरी’ अशी पाटी लावता येईल. गोठवलेले गोळे आणून नुसते भाजणाऱ्यांना हा शब्द वापरता येत नाही, म्हणून पाटी नीट वाचावी. बगेत, म्हणजे काठीसारखा लांब पाव, बनवण्याच्या कौशल्याची आणि संस्कृतीची नोंद युनेस्कोने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केली.

नुसती ‘बगेत’ मागितली तर साधी मिळते. ‘यून त्रादिसिओं’ म्हटलं तर त्या हुकुमातली. दोन्ही साधारण अडीचशे ग्रॅमच्या. किमतीत वीस-तीस सेंटांचा फरक असतो आणि तो देण्यासारखा आहे. हातात आली की कागदासकट हलकी दाबून बघा, कवच बारीक तडतडलं पाहिजे. कापल्यावर आतला भाग पांढराफेक नसून साईच्या रंगाचा दिसायला हवा, आणि भोकं लहानमोठी, वेडीवाकडी. एकसारखी बारीक भोकं, कापसासारखा मऊपणा आणि तळाला ठिपक्यांची जाळी दिसली तर कणीक बहुतेक कारखान्यातून आलेली आहे. मागताना ‘बियँ क्युईत’ म्हटलं की खरपूस मिळते, ‘पा त्रो क्युईत’ म्हटलं की फिकट. एकटं माणूस अर्धी मागू शकतं, त्यात कमीपणा नाही. घरी नेताना टोकाचा तुकडा, ‘किन्यों’, रस्त्यातच मोडून खायचा हे सर्वमान्य आहे.

साधी बगेत संध्याकाळपर्यंत वातड होते कारण तिच्यात चरबी नसते. त्रादिसिओं थोडी जास्त टिकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर कवच ओलसर चामड्यासारखं होतं, आणि फ्रिजमध्ये ठेवली तर उलट लवकर शिळी होते. कापडात गुंडाळून ठेवावी. उरणार हे नक्की असेल तर त्याच दिवशी तुकडे करून फ्रीझरमध्ये टाकावी आणि खाताना गरम ओव्हनमध्ये पाचेक मिनिटं. अगदी कडक झाली तर दूध-अंड्यात भिजवून परतलेला ‘पँ पेर्द्यू’ करतात, नावाचा अर्थच वाया गेलेला पाव. जेवताना पाव ताटात नव्हे, थेट टेबलक्लॉथवर ठेवतात, हातानं मोडतात, आणि ताटातला रस्सा त्यानं पुसून घेतात. पाव उपडा ठेवणं अशुभ मानतात. जुन्या काळी फाशी देणाऱ्याचा पाव बेकरीवाला वेगळा ओळखू यावा म्हणून उलटा ठेवायचा, अशी त्यामागची कथा सांगतात.

शाकाहारी माणसानं फ्रान्सला घाबरायचं कारण नाही, पण शब्दांच्या बाबतीत सावध राहावंच लागतं. रोजच्या बोलण्यात ‘व्हियाँद’ म्हणजे पुष्कळांच्या मनात लाल मांस. त्यामुळे ‘साँ व्हियाँद’ म्हटल्यावर समोरचा मनापासून ट्यूना घातलेलं सॅलड आणून ठेवतो. ‘नी व्हियाँद, नी व्होलाय, नी पुआसों, नी जाँबों’ असं चारही गोष्टींची नावं घेऊन सांगावं: मांस, कोंबडी, मासे, हॅम. सगळ्यांत लबाड घटक म्हणजे ‘लार्दों’, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. ते सॅलडमध्ये, कीशमध्ये, मसुरात, बटाट्याच्या पदार्थांत सापडतात आणि यादीत त्यांचा उल्लेख असेलच असं नाही. भाज्यांचं सूप कोंबडीच्या किंवा गाईच्या हाडांच्या पाण्यावर केलेलं असू शकतं, तेव्हा ‘बुइयों’ कशाचा ते विचारावं. उत्तरेकडच्या काही ठिकाणी फ्राइज गाईच्या चरबीत तळतात. थरांच्या थंडगार मिठायांत जिलेटिन असतं. कोंते, रोकफोर यांसारखी नामांकित चीझ जनावराच्या पोटातल्या ‘प्रेझ्युर’ने विरजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी वेष्टनावर वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचं विरजण लिहिलंय का ते बघावं.

आणि ‘व्हेजेतारियँ’मध्ये अंडं धरलेलंच असतं. अंडं नको असेल तर ‘साँ अफ’ वेगळं सांगायचं. खात्रीने पोटभर काय मिळेल? क्रेपरीमध्ये, म्हणजे धिरड्यांच्या हॉटेलात, कुट्टूच्या पिठाची खारी गालेत, फक्त ‘कोंप्लेत’ न मागता, कारण त्यात हॅम असतं. त्याऐवजी चीझ आणि मशरूम मागा, पिठात अंडं आहे का एवढं विचारा. बटाटा, साय आणि लसणाचं ग्रातँ दोफिनुआ. दक्षिणेत वांगी-टोमॅटोसारख्या भाज्यांची रातातुई, आणि नीसमध्ये सोका, हरभऱ्याच्या पिठाचं मोठ्या तव्यावर भट्टीत भाजलेलं धिरडं, वर फक्त मिरपूड. मराठी जिभेला ते पहिल्या घासालाच ओळखीचं लागतं. शाळांच्या कॅंटीनमध्ये आठवड्यातून एक शाकाहारी जेवण २०१९ पासून प्रयोग म्हणून सुरू झालं आणि २०२१ च्या कायद्याने कायम झालं, म्हणजे पुढच्या पिढीला ही मागणी नवखी राहणार नाही.

वाइनचा समज आजोबांच्या पिढीसाठी बरोबर होता. १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरच्या वर वाइन खपायची, आज ते प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं आहे. शाळेच्या जेवणात चौदा वर्षांखालच्या मुलांना दारू देण्यावर बंदी आली ती १९५६ मध्ये, म्हणजे त्याआधी ती दिली जायची. आता आठवड्याच्या मधल्या जेवणात बहुतेक टेबलांवर पाणीच असतं. न पिणाऱ्यानं ‘ज न बुआ पा दाल्कोल’ एवढंच सांगावं, कारण देत बसू नये.

घरी जेवायला बोलावलं तर ठरलेल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोहोचणं सभ्य मानतात. यजमानांना शेवटची तयारी करायला वेळ मिळतो. आधी येणं वाईट, अर्धा तास उशीरही वाईट. डॉक्टर, कार्यालय आणि हॉटेलच्या बुकिंगला ही सवलत नाही. ‘काय आणू?’ विचारलं तर ‘रियँ’, काही नको, असंच उत्तर येणार. तरी रिकाम्या हाती जाऊ नये. फुलं न्यावीत, पण शेवंतीच्या जातीची क्रिझाँतेम नको. ती १ नोव्हेंबरच्या सुमारास कबरींवर ठेवतात. टेबलावर बसल्यावर दोन्ही मनगटं दिसतील अशी वर ठेवायची, मांडीवर नाहीत. चीझचं ताट एकदाच फिरतं आणि त्यातून एकदाच घ्यायचं. ब्री चीझच्या त्रिकोणाचं टोक आडवं कापून घेणं ही मोठी आगळीक, कारण सगळ्यांत मुरलेला भाग एकट्यानं पळवल्यासारखं होतं. टोकापासून कडेपर्यंत लांबट काप घ्यावा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आतलंही येतं आणि कडेचंही.

एक सापळा तर प्रत्येकाला अडकवतो. ‘आणखी थोडं?’ म्हणून वाढायला आल्यावर तुम्ही आनंदानं ‘मेर्सी’ म्हणता, आणि भांडं परत जातं. वाढताना नुसत्या ‘मेर्सी’चा अर्थ नको असा होतो. हवं असेल तर ‘वुई, व्होलोंतिए’.

कामाबद्दलचा समज आकड्यांच्या अर्धवट वाचनातून येतो. आठवड्याला पस्तीस तास ही कामाची कमाल मर्यादा नाही, त्यापुढे ओव्हरटाइम सुरू होतो एवढाच तिचा अर्थ. वेगळा करार नसेल तर पहिल्या आठ तासांना पंचवीस टक्के जास्त, पुढच्यांना पन्नास टक्के. वरच्या पदावरच्या ‘काद्र’ लोकांचा हिशेब बऱ्याचदा तासांत नसून वर्षाला जास्तीत जास्त २१८ दिवस असा असतो, आणि ते संध्याकाळी सातनंतरही जागेवर दिसतात. भरपगारी रजा १९३६ मध्ये दोन आठवड्यांनी सुरू झाली, १९८२ मध्ये पाच झाली, आणि लोक ती खरोखर घेतात. ऑगस्टमध्ये दारावर ‘फेर्मत्यूर आन्युएल’चा कागद चिकटवून दुकानदार निघून जातो. म्हणून घर बघणं, दुरुस्ती, सरकारी काम यांतलं काहीही ऑगस्टवर टाकू नये. मे महिन्यात सुट्ट्या दाटीनं येतात आणि गुरुवारची सुट्टी शुक्रवारला जोडण्याला ‘पों’, म्हणजे पूल, म्हणतात. लहान गावांत रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी सकाळी बरंच काही बंद असतं. बेकऱ्या मात्र आपापसांत वार वाटून घेतात, बंद बेकरीच्या दारावर उघड्या बेकरीचं नाव लिहिलेलं सापडतं.

संप होतात, हे खरं. पण ते अचानक कोसळत नाहीत. सार्वजनिक सेवांत पाच दिवसांची आगाऊ सूचना, ‘प्रेआव्ही’, द्यावी लागते. २००७ च्या कायद्यानुसार वाहतुकीतल्या कर्मचाऱ्यानं आपण संपात आहोत हे ४८ तास आधी कळवायचं असतं, आणि प्रवाशांना २४ तास आधी वेळापत्रक मिळायला हवं. रेल्वेचं सुधारित वेळापत्रक आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास लागतं, त्यामुळे त्या आधी तिकीट रद्द करण्याची घाई नको. संपाच्या दिवसाचा पगार कापला जातो, ही गोष्ट बाहेरच्यांना बहुधा माहीत नसते.

कागदपत्रांबद्दल जे ऐकलं असेल ते सगळं खरं धरा. ‘दोसिए’, म्हणजे फाइल, हाच तिथला खरा पासपोर्ट. घर भाड्याने घ्यायला शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, नोकरीचा करार, कर भरल्याचा कागद, ओळखपत्र, आणि भाड्याच्या साधारण तिप्पट उत्पन्न लागतं. नाहीतर हमीदार. तिशीपर्यंतच्या लोकांना ‘व्हिझाल’ ही योजना फुकट हमी देते, तिचं प्रमाणपत्र घर बघायला जाण्याआधीच काढून ठेवावं. नवीन माणूस जिथे अडकतो ते चक्र असं: बँक पत्त्याचा पुरावा मागते आणि घरमालक बँकेच्या खात्याचा कागद. ज्याच्याकडे उतरला आहात त्याने सही करून दिलेलं ‘आतेस्तासिओं देबेर्जमाँ’, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याचं तीन महिन्यांच्या आतलं वीजबिल, हे तीन कागद एकत्र दिले की चक्र सहसा सुटतं. दीर्घ मुदतीच्या ज्या व्हिसावर निवासपरवान्याचा शेरा असतो तो पोहोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करावा लागतो. हे विसरलं की पुढचं सगळं अवघड होतं.

डॉक्टरांच्या बाबतीतही एक नोंद आधी करून ठेवायची. सरकारी विम्यात आलात की ‘मेदसँ त्रेताँ’, म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर, नोंदवून टाकावा. साध्या डॉक्टरच्या भेटीचे तीस युरो होतात. नोंद असेल तर सत्तर टक्क्यांतून दोन युरो वजा होऊन एकोणीस परत येतात, नसेल तर फक्त सात.

काउंटरपलीकडून पहिलं उत्तर पुष्कळदा ‘स ने पा पोसिब्ल’ असं येतं. ते दार बंद झाल्याचं चिन्ह नाही, बोलणं सुरू झाल्याचं आहे. आवाज चढवला तर मात्र दार खरोखर बंद होतं. ‘बोंजूर’पासून पुन्हा सुरू करून ‘कोमाँ फेर, आलोर?’, मग कसं करायचं, असं विचारावं. फ्रेंचांची स्तुतीही नकारातून येते. ‘पा माल’ म्हणजे वाईट नाही, पण अर्थ चांगलं असा. उलट ‘पा तेरिब्ल’ म्हणजे भयंकर नाही असं ऐकू येतं, पण अर्थ जेमतेम.

भाषेत मराठी माणसाला घरचं वाटेल असंही काही आहे. ‘युई जूर’, आठ दिवस, म्हणजे त्यांच्याकडेही एक आठवडा, आणि ‘कँझ जूर’, पंधरा दिवस, म्हणजे पंधरवडा. इंग्रजीतून शिकणारे इथे गोंधळतात, आपण नाही. ऐंशीला ते ‘कात्र-व्हँ’ म्हणतात, अगदी आपल्या जुन्या माणसांच्या ‘चार विसा’सारखं. अडचण येते ती फोन नंबर लिहून घेताना, कारण तो दोन-दोन आकड्यांनी सांगतात. ‘सुआसाँत’ ऐकून हात सहा लिहितो आणि पुढे ‘दूझ’ येतं, म्हणजे साठ अधिक बारा, बहात्तर. ‘कात्र-व्हँ’ ऐकून आठ लिहिला तर पुढे ‘दी-सेत’ येऊन तो सत्त्याण्णव होतो. जोडी पूर्ण ऐकेपर्यंत पेन उचलून धरावं.

ही सगळी तालीम करायला आठवडी बाजारासारखी जागा नाही. सकाळी दहाच्या आत जावं, एकच्या सुमारास सगळं आवरतं. फळांना हात लावायचा नाही, निवड विक्रेताच करतो. रांगेची दोरी नसते, पण आपल्या आधी कोण आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. ‘बोंजूर मादाम’ म्हणून खरबूज मागितलंत की ती विचारेल, ‘पुर ओझुर्दुई ऊ पुर दमँ?’ आजसाठी की उद्यासाठी? आज म्हटलंत की पुढचा प्रश्न, दुपारी की रात्री? उत्तर मिळालं की ती दोन-तीन खरबुजं हातात तोलते, देठापाशी अंगठा दाबते, वास घेते, आणि रात्रीच्या जेवणाला बरोबर पिकेल ते एक कागदी पिशवीत घालते.